पहिली तुकडी

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात, तेलंगणाच्या सीमेलगत, धर्माबाद हे गाव वसले आहे. लाल मिरचीची बाजारपेठ म्हणून या गावाची ख्याती दूरवर पसरलेली आहे. येथे रेल्वेचे स्थानक आहे आणि बाजाराच्या दिवशी मराठीबरोबर तेलुगू व उर्दूही कानी पडते. परंतु संध्याकाळी शाळेच्या मैदानावरून एक शब्द ऐकू आला, तर त्याचा अर्थ कोणत्याही भाषेच्या मुलाला विचारावा लागत नाही. तो शब्द म्हणजे 'खो!'

अशा गावातील एखाद्या शाळेत घडावी अशी एक गोष्ट पुढे सांगितली आहे. तिच्यातील मुले आणि त्यांचे आकडे कल्पित आहेत. परंतु त्या आकड्यांनी शिकविलेला हिशेब मात्र खरा आहे.

खो-खो हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम प्रथम व्यवस्थितपणे बांधले. दोन खांबांच्या मध्ये एक सरळ पट्टा असतो आणि त्यावर आठ चौकोन आखलेले असतात. त्या चौकोनांत आक्रमक संघाचे आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. संरक्षक संघाचे नऊ खेळाडू मात्र एकदम मैदानात उतरत नाहीत. ते तिघातिघांच्या तुकड्यांनी येतात. पहिली तुकडी पूर्ण बाद झाली की दुसरी, दुसरी बाद झाली की तिसरी. नऊ मिनिटांच्या पाळीत जितके संरक्षक बाद होतील, तितके गुण आक्रमकांना मिळतात. म्हणून कोणत्या तिघांनी आधी उतरावे, हा प्रश्न प्रत्येक संघापुढे सामन्याच्या आधीच उभा राहतो.

या शाळेच्या संघापुढेही तो उभा राहिला होता. जिल्ह्याची स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. पहिल्या तुकडीतील दोन जागांविषयी कोणाचे दुमत नव्हते. १ आणि २ या क्रमांकांचे खेळाडू तेथे असणार, हे ठरलेलेच होते. वाद होता तो तिसऱ्या जागेचा. त्या जागेवर ७ क्रमांकाने उतरावे की ४ क्रमांकाने?

७ क्रमांकाचा मुलगा उंच, पायाने चपळ व दिसायला रुबाबदार होता. तो मैदानात उतरला की बाहेर बसलेली मुले टाळ्या वाजवीत. ४ क्रमांकाचा मुलगा ठेंगणा होता. त्याचे पळणे पाहून कोणी टाळ्या वाजविल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. तो बहुधा तिघांत सर्वांआधी बाद होई, आणि मान खाली घालून बाहेर येऊन बसे.

"यात विचार करण्यासारखे आहे तरी काय?" संघनायक म्हणाला. "सात नंबर सरासरीने ११० सेकंद टिकतो आणि चार नंबर ७५ सेकंद. जो जास्त टिकतो, तो पहिल्या तुकडीत."

बहुतेकांना हे पटले. ४ क्रमांकाच्या मुलानेही मान डोलावली. आपल्या बाजूने बोलण्यासारखे काही आहे, असे त्याला स्वतःलाच वाटत नव्हते.

परंतु संघात आणखी एक मुलगा होता. दोन महिन्यांपूर्वी त्याचा पाय मुरगळला होता आणि तेव्हापासून त्याला खेळता येत नव्हते. घरी बसून राहण्याऐवजी तो रोज मैदानावर येई व गुणलेखकाचे काम करी. सातवीच्या वर्गातील एक मुलगी स्टॉपवॉच धरून वेळ सांगे आणि हा वहीत लिहून घेई. त्याने आता ती वही उघडली.

"गुरुजी, एक सांगू का?" तो म्हणाला. "संघनायक म्हणतो ते आकडे खरे आहेत. पण ते एकेकट्या खेळाडूचे आकडे आहेत. आपली तुकडी तिघांची असते. मी तुकडीचाही वेळ लिहून ठेवला आहे."

गुरुजींनी सर्वांना खाली बसविले. "वाच," ते म्हणाले.

संघाने एका डावाचे दहा सराव-सामने खेळले होते. त्यांतील पाच सामन्यांत पहिल्या तुकडीत १, २ व ७ हे खेळाडू होते. उरलेल्या पाचांत १, २ व ४. तुकडी मैदानात उतरल्यापासून तिच्यातील शेवटचा खेळाडू बाद होईपर्यंत जो वेळ जातो, तो तुकडीचा वेळ. ७ क्रमांक असताना तुकडी १८०, १९५, १६५, २१० व २०० सेकंद टिकली होती. बेरीज ९५० आणि सरासरी १९० सेकंद. ४ क्रमांक असताना तीच तुकडी २०५, २१५, २३०, २५० व २४० सेकंद टिकली होती. बेरीज ११४० आणि सरासरी २२८ सेकंद.

सारी मुले एकमेकांकडे पाहू लागली. जो मुलगा लवकर बाद होतो, तो असताना तुकडी ३८ सेकंद जास्त टिकते, हे कसे?

"वहीत काही तरी चुकले असेल," ७ क्रमांकाचा मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"वही चुकली असेल, तर ती आपण दुरुस्त करू," गुरुजी म्हणाले. "पण आपल्याला नको असलेला आकडा दिसला म्हणून तो चुकलेला असतो असे नाही. आधी कारण शोधा. चौघांनी प्रश्न विचारा आणि वहीला उत्तर देऊ द्या."

पहिला प्रश्न ९ क्रमांकाच्या मुलाने विचारला. तो नेहमी शेवटी बोले. पण विचार करून बोले. "सामने कोणाविरुद्ध होते? शेजारच्या शाळेचा संघ बलवान आहे. आपल्याच शाळेचा दुसरा संघ तितका बलवान नाही. सात नंबरच्या वाट्याला बलवान संघ अधिक वेळा आला असेल, तर त्याला दोष देणे न्यायाचे होणार नाही."

७ क्रमांकाच्या मुलाने कृतज्ञतेने त्याच्याकडे पाहिले. गुणलेखकाने पाने उलटली. शंका योग्य होती. ७ क्रमांक असलेल्या पाचांपैकी तीन सामने बलवान संघाशी झाले होते. ४ क्रमांक असलेल्या पाचांपैकी दोनच. मग फळ्यावर नव्याने हिशेब मांडला गेला. बलवान संघाविरुद्ध ७ क्रमांक असताना तुकडी १८०, १९५ व १६५ सेकंद टिकली होती, म्हणजे सरासरीने १८०. त्याच संघाविरुद्ध ४ क्रमांक असताना ती २०५ व २१५ सेकंद टिकली होती, म्हणजे सरासरीने २१०. दुसऱ्या संघाविरुद्ध ७ क्रमांक असताना २१० व २००, सरासरी २०५. ४ क्रमांक असताना २३०, २५० व २४०, सरासरी २४०.

"म्हणजे ३८ सेकंदांचा फरक खरा नव्हता," संघनायक म्हणाला. "समान प्रतिस्पर्धी घेतले, तर तो एकदा ३० आहे आणि एकदा ३५."

"फरक कमी झाला, पण नाहीसा झाला नाही," गुरुजी म्हणाले. "समानाची तुलना समानाशीच करावी, ही या हिशेबातील पहिली शिकवण. बाजारात ओल्या मिरचीचे वजन वाळलेल्या मिरचीच्या वजनाशी कोणी ताडून पाहत नाही."

दुसरा प्रश्न २ क्रमांकाच्या मुलाने विचारला. "तीस सेकंदांनी असे काय होते?"

गुरुजींनी त्यालाच गणित करावयास लावले. तिघांची तुकडी १८० सेकंद टिकते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक गडी बाद करण्यासाठी सरासरीने ६० सेकंद लागतात. स्पर्धेच्या सामन्यात दोन डाव असतात, म्हणून संघाला दोनदा संरक्षण करावे लागते. प्रत्येक वेळी तीस सेकंद वाचले, तर दोन डावांत साठ सेकंद वाचतात. साठ सेकंद म्हणजे एक गडी. एक गडी म्हणजे एक गुण. गेल्या वर्षी संघ किती गुणांनी हरला होता, हे कोणी बोलून दाखविले नाही. सर्वांना ते ठाऊक होते. तो एकाच गुणाने हरला होता.

तिसरा प्रश्न ७ क्रमांकाच्या मुलानेच विचारला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. "पण हे होते कसे? मी जास्त वेळ टिकतो, हेही वहीतच आहे ना?"

गुणलेखक क्षणभर थांबला. मग त्याने वहीतील तिसरा रकाना दाखविला. प्रत्येक खो दिला गेला की आक्रमक कोणाच्या मागे लागला आहे, हे तो टिपून ठेवीत असे. हा रकाना अंदाजाचा होता, हे त्याने स्वतःच सांगितले. धावपळीत एखादी नोंद इकडची तिकडे झाली असेल. पण एकूण चित्र स्पष्ट होते. ७ क्रमांकाचा मुलगा सरासरीने ११० सेकंद मैदानात असे. त्यांपैकी सुमारे ३५ सेकंदच पाठलाग त्याचा होत असे. उरलेले ७५ सेकंद तो लांबच्या खांबाजवळ उभा असे आणि आक्रमक १ व २ यांच्या मागे धावत. ४ क्रमांकाचा मुलगा ७५ सेकंदच मैदानात असे. परंतु त्यांपैकी सुमारे ५० सेकंद आक्रमक त्याच्याच मागे असत. तो मुद्दाम आक्रमकाच्या समोर येई, बसलेल्या खेळाडूंच्या मधून आत-बाहेर करीत साखळी खेळे आणि पाठलाग आपल्या अंगावर ओढून घेई. तेवढ्या वेळात १ व २ यांना दम घेता येई. तो बाद होऊन बाहेर जाई, तेव्हा आक्रमक थकलेले असत आणि त्याचे दोन सोबती ताजेतवाने असत.

मैदानावर शांतता पसरली. १ क्रमांकाचा मुलगा हळूच म्हणाला, "खरे आहे, गुरुजी. चार नंबर बरोबर असला की मला शेवटी दम लागत नाही. पण हे त्याच्यामुळे होते, हे माझ्या कधी ध्यानातच आले नाही."

४ क्रमांकाच्या मुलाने मान वर केली. आपण करतो ते काम कोणी तरी लिहून ठेवले आहे, हे त्याला प्रथमच कळत होते.

चौथा प्रश्न राहिला होता आणि तो गुरुजींनी विचारला. "या वहीवर किती विश्वास ठेवावा? पाच आणि पाच, असे दहाच सामने आहेत. एखाद्या दिवशी पाय घसरला, एखाद्या दिवशी वारा तोंडावर आला, तरी सरासरी हलते. म्हणून ही वही म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. ती साक्षीदाराची साक्ष आहे. साक्ष ऐकावी, तिची उलटतपासणी करावी आणि मग आपल्या बुद्धीने निर्णय करावा."

निर्णय झाला. ४ क्रमांकाने पहिल्या तुकडीत उतरावे, असे ठरले. पण गुरुजी तेथेच थांबले नाहीत. ते ७ क्रमांकाच्या मुलाकडे वळले. "तुझे पाय या संघात सर्वांहून चपळ आहेत. तुला वगळण्यासाठी हा हिशेब केलेला नाही. दुसऱ्या तुकडीत ५ आणि ६ हे दोघे नवखे आहेत. त्यांना दम घेऊ देणारा कोणी तरी हवा आहे. ते काम तू करशील?"

मुलाने तत्काळ उत्तर दिले नाही. पहिल्या तुकडीत उतरण्याचा मान मोठा असतो आणि तो सोडणे सोपे नसते. थोड्या वेळाने तो गुणलेखकाजवळ जाऊन बसला व म्हणाला, "तो तिसरा रकाना मला रोज दाखवीत जा."

पुढच्या चार दिवसांच्या सरावात त्याचा स्वतःचा वेळ ११० सेकंदांवरून ८५ सेकंदांवर आला. मात्र पाठलागाच्या रकान्यात त्याच्या नावापुढे ६० सेकंद लागले आणि दुसरी तुकडी पूर्वीपेक्षा वीस सेकंद अधिक टिकू लागली. आता तो लवकर बाद होऊन बाहेर येई, तरी त्याची मान खाली नसे.

येथे ही गोष्ट संपते. परंतु तिच्यातील विचार धर्माबादच्या मैदानापुरता नाही. जगातील अनेक सांघिक खेळांत आज हाच हिशेब केला जातो. बास्केटबॉल हा खेळ अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ साली सुरू केला. त्यात प्रत्येक संघाचे पाच खेळाडू एका वेळी मैदानात असतात आणि राखीव खेळाडू वरचेवर बदलता येतात. कोणत्या पाचांनी आरंभी उतरावे, यावर तेथे नेहमीच वाद होतो. तो सोडविण्यासाठी एक सोपी वजाबाकी वापरतात. एखादा खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने २० गुण केले व प्रतिस्पर्ध्याने १४ केले, तर त्या खेळाडूच्या नावापुढे अधिक ६ लिहितात. उलट झाले, तर उणे ६. त्या खेळाडूने स्वतः एकही गुण केला नसेल, तरी चालते. तो असताना संघाचे काय झाले, एवढेच ही वजाबाकी विचारते. अशीच वजाबाकी पाचही जणांच्या पूर्ण तुकडीची करतात. अर्थात, चांगल्या सोबत्यांबरोबर खेळणाऱ्याचा आकडा सोबत्यांमुळेही वाढतो. म्हणून ९ क्रमांकाच्या मुलाने विचारला तसा प्रश्न तेथेही विचारावाच लागतो.

खो-खोमध्येही तुकडीच्या वेळेला आता अधिक मान मिळू लागला आहे. खेळाच्या नव्या, वेगवान प्रकारात एखादी तुकडी ठरावीक वेळेपेक्षा अधिक टिकली, तर तिच्या संघाला त्याबद्दल गुण देतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून विजेतेपद मिळविले. पुरुष संघाचा नायक प्रतीक वाईकर व महिला संघाची नायिका प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे खेळाडू होत.

आकड्यांची मर्यादाही विसरता येत नाही. आकडे झालेल्या गोष्टी सांगतात. होणाऱ्या गोष्टी ते केवळ सुचवितात. १९७१ साली भारताचा क्रिकेट संघ अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजला गेला. तेव्हा मडगावला जन्मलेले दिलीप सरदेसाई यांची संघातील जागा मुळीच पक्की नव्हती. तरीही त्यांना नेण्यात आले. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत बाद झाले असताना ते उभे राहिले आणि त्यांनी २१२ धावा काढल्या. त्या मालिकेत त्यांनी एकूण ६४२ धावा केल्या व भारताने वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी मालिका प्रथमच जिंकली. जुनी सरासरी पाहून त्यांना घरी ठेवले असते, तर हे घडले नसते.

म्हणून वही हवी आणि वहीपलीकडे पाहणारा डोळाही हवा. वही नसली, तर टाळ्या ज्याला मिळतात तोच मोठा ठरतो आणि निमूटपणे दुसऱ्याचा भार उचलणारा मागे राहतो. डोळा नसला, तर माणसाच्या ठिकाणी नुसता आकडा उरतो. संघात प्रत्येकाचे मोल असते. ते मोल नेमके कोठे आहे, हे शोधून काढण्यासाठी जो प्रामाणिकपणे नोंद ठेवतो, तो मैदानात न उतरताही संघातून खेळत असतो.

स्वाध्याय

१. संघनायकाने ७ क्रमांकाची निवड कोणत्या कारणासाठी सुचविली? ते कारण अपुरे कसे ठरले?

२. ९ क्रमांकाच्या मुलाने कोणती शंका काढली? तिच्यामुळे हिशेबात काय बदल झाला?

३. 'वही म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. ती साक्षीदाराची साक्ष आहे,' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.

४. ७ क्रमांकाचा स्वतःचा वेळ कमी झाला, तरी त्याची मान खाली का नव्हती?

५. तुमच्या शाळेच्या खो-खो संघाच्या तीन सामन्यांत प्रत्येक तुकडीचा वेळ मोजा, त्याची सरासरी काढा आणि तीवरून काय सांगता येते व काय सांगता येत नाही, हे दहा ओळींत लिहा.